वाट सोडून वाळवंटात: चांडलरपासून अर्ध्या तासावर तीन तासांची भटकंती कशी करायची

अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या आसपास राहणारे आपले कितीतरी लोक दहा-दहा वर्षं इथे काढतात आणि वाळवंट बघतात ते गाडीच्या काचेतून, नाहीतर कॅमलबॅक डोंगरावरच्या रांगेत पुढच्याच्या पाठीकडे बघत. मला याचं खरंच वाईट वाटतं. मी पुण्याहून चांडलरला आलो तेव्हा पहिली दोन वर्षं मलाही वाटायचं की सह्याद्री सुटला, आता भटकंती संपली. मग एका जानेवारीत एका वॉशमधे, म्हणजे वाळूने भरलेल्या कोरड्या ओढ्यात, सहज शिरलो आणि अर्ध्या तासात लक्षात आलं की सोंड, धार, घळ, खिंड, घसारा हे सगळं इथेही आहे, फक्त करवंदीच्या जागी चोया नावाचा निवडुंग आहे आणि ओढ्याला पाणी नाही. तेव्हापासून नोव्हेंबर ते मार्च बहुतेक शनिवारी सकाळी जातो. मळलेली वाट नाही, पाट्या नाहीत, बाण नाहीत, जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटर अंतर आणि त्याला तीन तास. हे नीट आणि सुरक्षित कसं करायचं ते सविस्तर लिहितोय, कारण जवळचं आणि छोटं आहे म्हणून लोक तयारी न करता जातात आणि इथे तेच महागात पडतं.

सगळ्यात आधी जागा. वाट सोडायला परवानगी आहे तिथेच वाट सोडायची. साउथ माउंटन, कॅमलबॅक, फिनिक्स शहराचे बाकीचे प्रिझर्व्ह, स्कॉट्सडेलचं मॅकडॉवेल सोनोरन प्रिझर्व्ह, यूसरी किंवा सॅन टॅनसारखे काउंटीचे पार्क, या सगळीकडे ठरलेल्या ट्रेलवरच राहायचं असा नियम आहे आणि तो बरोबर आहे, कारण तिथे इतकी माणसं येतात की प्रत्येकाने मनाला येईल तसं चालायचं म्हटलं तर काही शिल्लकच राहणार नाही. नदीजवळचा तो लालसर रेड माउंटन कितीही बोलावत असला तरी तो सॉल्ट रिव्हर पिमा-मारिकोपा या मूळ रहिवासी लोकांच्या जमिनीवर आहे, बाहेरच्यांना बंद, त्यामुळे तो लांबूनच बघायचा. स्टेट ट्रस्टच्या, म्हणजे राज्य सरकारच्या, जमिनीवर जायचं तर परमिट लागतं, ते ऑनलाइन मिळतं, काढून ठेवा. उरतं ते टोंटो नॅशनल फॉरेस्ट आणि बीएलएमची, म्हणजे केंद्र सरकारच्या जमीन खात्याची, जमीन. टोंटो सुमारे २९ लाख एकर आहे, नावात फॉरेस्ट असलं तरी आपल्या बाजूचा भाग निव्वळ वाळवंट, आणि तिथे पायी कुठेही चालायला सहसा हरकत नसते. मी जातो तो मेसाच्या ईशान्येला, बुश हायवे आणि गोल्डफील्ड डोंगरांच्या बाजूला. काही पार्किंगला टोंटोचा पास लागतो, तो आधी घेऊन गाडीत लावून ठेवा. मारिकोपा गावाकडे राहणाऱ्यांना सोनोरन डेझर्ट नॅशनल मॉन्युमेंट जवळ पडेल, ते २००१ साली जाहीर झालं, बीएलएमकडे आहे आणि तिथे माणूस क्वचितच दिसतो. कालटोपो किंवा गाया ॲपमधे पब्लिक लँडचा लेयर चालू केला की कोणती जमीन कोणाची ते रंगावरून कळतं, घरूनच बघून निघा. आणि टोंटोत काही ठिकाणी लोक निशाणेबाजीचा सराव करतात, शिवाय ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत क्वेल पक्ष्यांच्या शिकारीचा सीझन असतो, त्यामुळे भडक केशरी किंवा लाल टीशर्ट घाला. मातकट कपडे फोटोत छान दिसतात पण इथे नकोत. गोळ्यांचे आवाज जवळून येत असतील तर सरळ दुसरी जागा धरा.

आता कधी जायचं. नोव्हेंबर ते मार्च, आणि फार तर एप्रिलचे पहिले आठवडे पहाटे लवकर. बस. मे ते सप्टेंबर वाट सोडून भटकायचं नाही, याबाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही. २०२३ मधे फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट म्हणजे ४३ सेल्सिअस किंवा त्याच्या वर होता आणि त्या एका वर्षात मारिकोपा काउंटीत उष्णतेने ६४५ माणसं गेली. नागपूर-चंद्रपूरची मंडळी म्हणतात आम्हाला ऊन नवीन नाही, पण तिथे आपण दुपारी घरात असतो, आणि चालताना टपरी, झाड, हापसा काहीतरी सापडतं. इथे पालो वर्देच्या झाडाची सावली म्हणजे चाळणीची सावली. हिवाळ्यात उलटी गंमत, सकाळी सातला चार-पाच डिग्री असते आणि अकराला टीशर्टवर घाम येतो, म्हणून एकावर एक काढता येतील असे कपडे. सूर्य डिसेंबरमधे साधारण ५ वाजून २० मिनिटांनी मावळतो आणि डोंगराच्या पूर्वेला असाल तर त्याच्याही बऱ्याच आधी उजेड जातो, त्यामुळे दुपारी तीन नंतर सुरुवात करू नका. चोयाच्या रानात अंधारात चालणं हा विचारसुद्धा नको.

रस्ता कसा निवडायचा हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथे जरा वेळ देतो. नवीन माणसाने पहिल्या चार-पाच वेळा एकच पद्धत ठेवावी: एक वॉश पकडायचा, त्याने वर जायचं आणि त्याच वॉशने खाली यायचं. यात दोन फायदे आहेत. एक म्हणजे वॉशमधली वाळू पुराबरोबर दर वर्षी हलते, तिथे पाय पडले तर कशाचं नुकसान होत नाही. दुसरा फायदा जास्त मोठा आहे आणि तो नीट समजून घ्या. ओढ्याने वर जाताना फाटे फुटत जातात, प्रत्येक ठिकाणी डावा की उजवा हा प्रश्न येतो, पण खाली येताना तेच फाटे एकमेकांना मिळत जातात, त्यामुळे तुम्ही कुठल्याही फाट्यात असलात तरी शेवटी मूळच्या ओढ्यातच येता. धारेचं बरोबर उलटं. सोंडेने वर चढताना सगळ्या सोंडा माथ्याकडे एकत्र येतात म्हणून चढताना चुकणं कठीण, पण उतरताना सोंडा फुटतात आणि चुकीच्या सोंडेने उतरलात की तुम्ही भलत्याच दरीत. सह्याद्रीत ज्यांनी धुक्यात वाट चुकवली आहे त्यांना हे अंगात माहीत असतं. म्हणून ज्या वॉशने आधी खाली उतरून मग परतीला वर चढायचं आहे असा रस्ता सुरुवातीला घेऊच नका, कारण परतीला, म्हणजे दमलेले असताना, प्रत्येक फाट्यावर निर्णय तुम्हाला घ्यावा लागेल.

वर जाताना प्रत्येक फाट्यावर थांबा आणि मागे वळून बघा. नुसतं वळून नाही, पाच सेकंद उभं राहून बघा, कारण परत येताना तीच बाजू समोर दिसणार आहे. दोन हातांचा सवारो म्हणजे खांबासारखा उंच निवडुंग, लाल खडक, आडवं पडलेलं आयर्नवूडचं खोड, असं काहीतरी मनात धरा आणि मोबाईलवर एक फोटो काढा. दगडांच्या चळती रचत जाऊ नका, पुढच्या माणसाला वाटतं की इथे ट्रेल आहे, आणि दगड उचलला की त्याच्याखाली राहणाऱ्याचं घर जातं. घरून निघतानाच नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, गाडीपाशी पोचलात की आधी नकाशावर गाडीचा वेपॉइंट, म्हणजे जागेची खूण, टाका आणि फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर रेंज शोधण्यात बॅटरी संपते. मी यूएसजीएस या सरकारी भूसर्वेक्षण खात्याच्या १:२४,००० टोपो नकाशाचं तेवढ्या भागाचं पान प्रिंट करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेतो, होकायंत्र नेतो. फोन पडला तर फुटतो, कागद पडल्याने काही बिघडत नाही.

आणि एक चौकट ठरवा. म्हणजे पश्चिमेला डांबरी रस्ता, उत्तरेला हा मोठा वॉश, पूर्वेला ती धार, याच्या बाहेर आज जायचं नाही. गोल्डफील्डमधे कुठल्याही उंचवट्यावर चढलात की ईशान्येला फोर पीक्सची चार शिखरं दिसतात, पश्चिमेकडे रेड माउंटन, आग्नेयेला सुपरस्टिशन डोंगरांची भिंत, या तीन खुणा ओळखता यायला लागल्या की दिशेचा गोंधळ सहसा होत नाही. बॅरल कॅक्टस बहुतेकदा दक्षिण-नैऋत्येकडे कललेला असतो आणि त्याला होकायंत्र निवडुंग म्हणतात, बघायला मजा येते, पण त्याच्या भरवशावर दिशा ठरवू नका.

कुठे जाताय ते कोणाला तरी सांगून जा, आणि इथल्या माणसाला सांगा. ॲरिझोनात घड्याळ पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे भारताशी कायम साडेबारा तासांचा फरक, तुम्ही सकाळी अकराला अडकलात तर घरच्या ग्रुपवर रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात आणि सगळे झोपलेले. मी शेजाऱ्याला नकाशाचा स्क्रीनशॉट, गाडी कुठे लावली त्याचं लोकेशन आणि वेळ पाठवतो: बारापर्यंत माझा मेसेज नाही आला तर फोन कर, एकपर्यंत नाही लागला तर ९११. परत आल्यावर मेसेज टाकायला मात्र विसरू नका. डोंगरामागे गेलं की रेंज जाते, नवीन आयफोनमधे सॅटेलाइटवरून एसओएस पाठवता येतो तो कसा करायचा हे घरी बसून एकदा बघून ठेवा, नियमित जाणार असाल तर सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं गार्मिनचं इनरीच घ्या.

आता पाय कुठे ठेवायचा. हे मला कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. वॉशच्या बाहेर, झुडपांच्या मधल्या सपाट जमिनीवर कधी गुडघे टेकून बघा. वरचा थर काळपट, बारीक फुगवट्यांचा दिसतो, जळलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा. ती नुसती माती नाही. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल, शेवाळ यांनी मातीचे कण एकमेकांत बांधून केलेली ती जिवंत साय आहे, तिच्यामुळे माती वाऱ्याने उडत नाही, पाणी मुरतं आणि मातीला नायट्रोजन मिळतो. बुटाच्या एका दाबाने ती चुरते आणि परत तशी व्हायला कित्येक वर्षं, कधी कित्येक दशकं लागतात. मी पहिले काही महिने त्यावरून बिनधास्त चालत होतो, आता ते आठवलं की जीव कसनुसा होतो. तर क्रम असा ठेवा: आधी वॉशची वाळू, मग उघडा खडक, मग खडे आणि मुरूम, जनावरांची वाट मिळाली तर ती, आणि काळी साय सगळ्यात शेवटी, अगदी दुसरा इलाज नसेल तर, तेही दगडावरून दगडावर. चार-पाच जण असाल तर वॉशच्या बाहेर एकामागे एक चालू नका, विखरून चाला, नाहीतर तुमच्याच पावलांनी नवीन ट्रेल पडतो आणि मग येणारा प्रत्येक जण त्यावरूनच जातो.

सह्याद्रीतल्या लोकांसाठी अजून एक. आपला काळा कातळ बुटाला धरून ठेवतो. इथे ग्रॅनाइट झिजून त्याचा बारीक मुरूम उतरत्या खडकावर पसरलेला असतो आणि त्यावर पाय पडला की ज्वारीच्या दाण्यांवर पडल्यासारखा सरकतो. अशा वेळी हात टेकायची सवय आपल्याला असते, आणि हात टेकायच्या जागी निवडुंग असतो. म्हणून वेग अर्धा करा, पाय पूर्ण टेकून टाका, काठी घ्या, हातात बागकामाचे जाड चामड्याचे हातमोजे घाला. वॉशमधे मधेच कोरडा धबधबा येतो, पाच-सहा फुटांची खडकाची पायरी. जो चढलात तो उतरता आला पाहिजे, चढण्याआधीच ठरवा की हे उतरता येईल का, शंका असली तर तिथेच बसून चिक्की खा आणि परत फिरा. वरून उडी कधीच मारायची नाही, निर्जन ठिकाणी मुरगळलेला घोटा म्हणजे सगळा दिवस आणि हेलिकॉप्टर.

काटे. इथे प्रत्येक गोष्टीला काटा आहे, अगदी पालो वर्देलाही. कॅटक्लॉ नावाचं झुडूप मांजराच्या नखासारखे वाकडे काटे घेऊन बाहीला पकडतं, तेव्हा पुढे ओढायचं नाही, एक पाऊल मागे घ्यायचं म्हणजे ते सुटतं. मेस्कीट तर आपल्या वेड्या बाभळीचा सख्खा नातेवाईक, ओळखीचाच. पण खरा धाक चोयाचा. टेडी बेअर चोया लांबून सोनेरी, लोकरीसारखा मऊ दिसतो, उन्हाच्या विरुद्ध बाजूने बघितला तर चमकतो, आणि त्याचे गोळे नुसता स्पर्श झाला तरी तुटून अंगाला लागतात. लोक म्हणतात तो उडी मारतो. उडी मारत नाही, गोळे इतके सैल असतात की लागल्याचं कळतच नाही. प्रत्येक काट्यावर डोळ्यांना न दिसणारे उलटे आकडे असतात, त्यामुळे काटा आत सहज जातो आणि बाहेर निघताना मांस धरून ठेवतो.

गेल्या वर्षी जानेवारीत आई-बाबा आले होते. बाबा सत्तरीचे पण पाय अजून चांगले, म्हणून त्यांना एका सोप्या वॉशमधे घेऊन गेलो. काठावर चोयाची झाडं होती, मी सांगितलं होतं की लांब राहा, पण खाली वाळूत पडलेल्या गोळ्यांचं सांगायचं राहिलं. त्यांच्या बुटाला एक गोळा लागला, पुढच्या पावलाला तो बूट दुसऱ्या पोटरीला घासला, आणि लिंबाएवढा गोळा पँटच्या आरपार पोटरीत. बाबांनी साहजिकच हात पुढे केला. मी इतक्या जोरात "बाबा, हात लावू नका" म्हणालो की आई घाबरली. त्यांना दगडावर बसवलं, पाय लांब करायला सांगितला, आईला बाजूला उभं केलं, बॅगेतून मोठ्या दातांचा कंगवा काढला, गोळा आणि पँट यांच्या मधे कंगव्याचे दात हळूच सरकवले आणि एका झटक्यात, कोणी नाही त्या दिशेला, उडवला. गोळा गेला, सात-आठ काटे राहिले. ते चिमट्याने एकेक, ज्या रेषेत शिरलेत त्याच रेषेत सरळ बाहेर ओढून काढले. प्रत्येक काट्याबरोबर कातडी तंबूसारखी वर यायची आणि मग सुटायची. बाबा एक शब्द बोलले नाहीत, फक्त माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात घट्ट होत होता. घरी जाऊन साबणाने धुतलं, दोन दिवसांत ठीक. चूक माझी होती, खाली बघायचं मी सांगायला हवं होतं. म्हणून सांगतो: कंगवा आणि चांगला चिमटा, शक्य असेल तर छोटी पक्कड, या तीन गोष्टी बॅगेच्या वरच्या कप्प्यात. हाताने काढायचं नाही, दुसऱ्या पायाने तर अजिबात नाही. जाड कापडाची लांब पँट घाला, जाळीचे रनिंग शूज नकोत, काटा जाळीतून थेट आत येतो. चोया दाट असेल तर तिथून वाट काढत बसू नका, वळसा घाला, कितीही मोठा असो.

सापाचं भय सगळ्यांना असतं आणि थोडं असावं. रॅटलस्नेक साधारण मार्च ते ऑक्टोबर जास्त दिसतात, हिवाळ्यात बिळात असतात, पण फेब्रुवारीच्या उबदार दुपारी एखादा दगडावर ऊन खात बसलेला दिसू शकतो. वाजवून इशारा देईलच असं धरून चालू नका. नियम एकच, जिथे दिसत नाही तिथे हात-पाय घालायचा नाही. ओंडका ओलांडताना आधी त्याच्यावर पाय, मग पलीकडे बघून खाली. दिसला तर सहा-सात फूट लांबून वळसा, तो तुमच्या मागे येत नाही. चावलाच तर लांब व्हा, अंगठी-घड्याळ काढा, ९११ लावा, शक्य तेवढं शांत राहून हॉस्पिटल. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, बर्फ लावायचा नाही. गावाकडचा कुठलाही उपाय करू नका, इथे हॉस्पिटलात प्रतिविष असतं, वेळ तेवढी वाचवा. काळा-केशरी मण्यांसारखी कातडी असलेला हीला मॉन्स्टर दिसला तर नशीब समजा, विषारी आहे पण संथ, १९५२ पासून त्याला ॲरिझोनात कायद्याचं संरक्षण आहे, बघा आणि सोडून द्या. मधमाशा मागे लागल्या तर चेहरा झाकून गाडीकडे पळत सुटायचं, थांबून हात झटकायचे नाहीत.

पाणी: तीन तासांसाठी हिवाळ्यातही माणशी दोन लिटर, उबदार दिवस असेल तर तीन, आणि गाडीत वेगळा एक गॅलन. अर्धं पाणी संपायच्या आत परत फिरायचं, कुठेही असलात तरी. वाटेत पाणी मिळेल हे डोक्यातून काढून टाका. नुसतं पाणी पीत राहू नका, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत एका बाटलीत ठेवा, खायला शेंगदाण्याची चिक्की, दशमी आणि लोणचं, खारे दाणे. हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसतच नाही, लगेच उडतो, म्हणून तहान लागायची वाट न बघता दर पंधरा मिनिटांनी दोन घोट. संत्र्याची सालंसुद्धा परत आणा, या कोरड्या हवेत ती कुजत नाहीत, महिनोन्‌महिने तशीच पडून राहतात.

पाऊस. वर्षाला जेमतेम सात-आठ इंच पडतो पण पडतो तेव्हा एकदम. मान्सून इथेही म्हणतात, १५ जून ते ३० सप्टेंबर, आणि हिवाळ्यात दोन-तीन दिवसांची झड येते. वॉशमधे चालणाऱ्याने लक्षात ठेवायचं की पाऊस तुमच्या डोक्यावर असायची गरज नाही, दहा-पंधरा मैल वर डोंगरात पडला तरी तुमच्या निळ्या आकाशाखाली पाण्याची भिंत येऊ शकते. फोर पीक्सच्या बाजूला काळे ढग असतील तर वॉशमधे शिरायचंच नाही. आत असताना लांबून गडगडाटासारखा आवाज आला, हवेला अचानक ओल्या मातीचा वास आला, तर विचार न करता काठावर चढा. पाणी वाहत असलेला वॉश गाडीने ओलांडायचा नाही हेही त्यातच आलं. जुन्या खाणींची भोकं दिसतात, या राज्यात सोडून दिलेल्या खाणी हजारोंनी आहेत, तोंडाशी जमीन ढासळते, आत हवा वाईट असते, मुलांचा हात धरून लांबूनच जा.

इतकं सगळं भीतीचं सांगितल्यावर ज्यासाठी जायचं ते सांगतो. वाट सोडली की डोळे उघडतात, कारण प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं आणि बघता बघता गोष्टी दिसायला लागतात. एखाद्या पालो वर्देखाली वाकून शोधा, करंगळीच्या पेरापेक्षा लहान हिरवा काटेरी गोळा दिसेल. तो सवारो. दहा वर्षांत तो जेमतेम दीड इंच होतो, या पालो वर्देच्या सावलीत, अशा झाडाला इथे नर्स ट्री म्हणतात, दाई म्हणा आपण. पन्नास-पंचाहत्तर वर्षांनी कुठे पहिला हात फुटतो, काहींना त्याहून उशिरा, आणि दीडशे-दोनशे वर्षं तो उभा राहतो, तोवर दाई केव्हाच मरून गेलेली असते. मोठ्या सवारोच्या घड्या बघा, पावसानंतर पाणी पिऊन त्या उलगडतात आणि दुष्काळात परत मिटतात. वर भोकं दिसतील, ती हीला वुडपेकर या सुतार पक्ष्याची, झाड आतून त्या भोकाला खरपुडी धरतं आणि सवारो मेल्यावर ती खरपुडी बुटासारखी जमिनीवर सापडते. हातात घेऊन बघा आणि तिथेच ठेवा. जून-जुलैत सवारोची फळं उतरवायची इथल्या मूळ रहिवासी ओऊधम लोकांची परंपरा आजही चालू आहे. खडकावर कोरलेली जुनी चित्रं किंवा मातीच्या भांड्यांचे तुकडे दिसले तर हात लावू नका, उचलणं हा १९७९ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, आणि तुकडा जागेवरून हलला की त्याचा अर्थच जातो. क्रिओसोटच्या झुडपाची दोन-चार पानं तळहातात घेऊन त्यावर तोंडाची वाफ सोडा आणि वास घ्या, इथल्या पहिल्या पावसाचा वास तोच.

चुकलातच तर. समजलं की थांबा, बसा, पाणी प्या, दहा मिनिटं काही करू नका. मग नकाशा काढा. वॉशने वर आला असाल तर खाली जाणारा वॉश हाच बहुतेक वेळा परतीचा रस्ता, पण शेवटची ओळखीची खूण सापडेपर्यंतच चाला, नवीन शॉर्टकट काढायला धारेवरून पलीकडे उतरू नका. खूण सापडली नाही किंवा पाणी संपत आलं तर सावली धरून एकाच जागी थांबा, केशरी टीशर्ट वर दिसेल असा पसरा, रेंज असेल तर ९११, नसेल तर सॅटेलाइट. शिट्टी जवळ ठेवा, तीन वेळा वाजवायची, थांबायचं, परत तीन वेळा.

गाडीपाशी आलात की लगेच बसू नका, मोजे आणि बुटांच्या नाड्या बघा. कुसळं अडकलेली असतात. त्यातलं बरंच बाहेरून आलेलं गवत, रेड ब्रोम, बफेलग्रास, शिवाय पिवळ्या गोंड्यांचं स्टिंकनेट शहराच्या कडेने झपाट्याने पसरतंय. इथलं वाळवंट आगीसाठी घडलेलं नाही, झाडांच्या मधे उघडी जमीन असायची म्हणून आग पुढे जायची नाही, या वाळलेल्या गवताने ती मोकळी जागा भरून टाकली. जून २०२० मधे बुश हायवेजवळ एका गाडीपासून आग लागली आणि १,९३,००० एकरांहून जास्त जळलं, कितीतरी सवारो त्यात गेले. त्या पट्ट्यात आज चाललं तर काळे पडलेले, सालपट सोललेले खांब दिसतात, माझ्या पणजोबांच्या आधीपासून उभे असलेले. म्हणून मोज्यांतली कुसळं तिथेच झटकून टाकायची नाहीत. एकेक उपटून झिपलॉकच्या पिशवीत भरायची, पिशवी बंद करून घरच्या कचऱ्यात. बुटाचे तळवे जुन्या टूथब्रशने घासून घ्या, मुलांचे मोजे उलटे करून बघा, त्यांना हे काम दिलं तर ते अगदी मन लावून करतात. शेजाऱ्याला पोचल्याचा मेसेज टाका. कंगवा धुऊन परत बॅगेच्या वरच्या कप्प्यात.